जिप्सीतील डिझेल इंजिन आणि कलम ५२

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेरबदल केलेल्या जीपगाड्यांवरील कारवाईच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्यांत रुंद टायर, कर्कश भोंगे व बदललेले इंजिन ही सगळी एकाच दावणीला बांधलेली असतात. टायरांचा आणि भोंग्यांचा पक्ष मी घेणार नाही. पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवण्याचा प्रकार मात्र निराळा आहे, आणि त्याची चांगली व वाईट अशी दोन्ही अंगे घरातच पाहिलेली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

पाटण तालुक्यात आमची शेती डोंगरउतारावर आहे. पावसाळ्यात शेवटचे दोन किलोमीटर चारही चाकांना ओढ असल्याशिवाय चढता येत नाहीत, म्हणून भाच्याने जुनी मारुती जिप्सी घेतली. गाडी हलकी व काटक. पण तिचे १,२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन आपला सर्वाधिक टॉर्क (फिरवण्याचा जोर), म्हणजे सुमारे १०३ न्यूटन मीटर, मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांवर देते. चिखलात चाक गरगरू न देता सावकाश चढायचे असते. खालच्या फेऱ्यांवर दम नसला की एक तर इंजिन बंद पडते, नाहीतर चालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी जागच्या जागी खड्डा खणते. पुढे स्विफ्टमध्ये आलेल्या १,२४८ सीसीच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क १९० न्यूटन मीटर असून तो दोन हजार फेऱ्यांवरच हाती येतो, हे पाहिले की डोंगरातल्या माणसाला मोह का होतो ते कळते. डिझेल स्वस्त पडते हे कारण मात्र आता फारसे उरलेले नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून पूर्वीची तफावत राहिलेली नाही, आणि बचतीचा हिशेब मांडणारे गॅरेजवाले इंजिन बदलण्याचा खर्च त्यात धरतच नाहीत.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपना २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन असे. पुढे कंपनीच डिझेलकडे वळली आणि इगतपुरीत प्यूजोच्या परवान्याने बनलेली डिझेल इंजिने जीपच्या बॉनेटखाली आली. ज्यांच्या दारात जुन्या पेट्रोल जीप होत्या, त्यांच्यापैकी अनेकांनी तेच काम गावच्या मिस्त्रीकडून करून घेतले, आणि त्याची आरसी बुकात रीतसर नोंद करण्याची सोयही तेव्हा होती. कारण मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ च्या मूळ रूपात नोंदणी अधिकाऱ्याला आधी कळवून त्याची मंजुरी घेतली की असा बदल करता येत असे. २००० सालच्या दुरुस्तीने ही वाट बुजवली. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचाच नाही, असे कलमाचे नवे रूप झाले आणि इंधनबदलाची मुभा राहिली ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसारख्या किटपुरती. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हे ठाऊक असूनही भाच्याने भंगारात निघालेल्या एका मोटारीचे दीड लिटरचे साधे, टर्बो नसलेले डिझेल इंजिन शहरातील एका गॅरेजमध्ये बसवून घेतले. अडॅप्टर प्लेट, नवी माउंटिंग, डिझेलची परतीची नळी, सगळे नीट दिसत होते. ब्रेकचे पेडल जड लागते अशी तक्रार केली, तेव्हा ‘लायनर नवीन आहेत, बसतील’ असे उत्तर मिळाले. पहिल्याच लांबच्या फेरीत आम्ही कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला निघालो होतो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेकचे पेडल दगडासारखे झाले. भाच्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालून, हातब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली म्हणून आज मी हे लिहू शकतो.

कारण नंतर कळले. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटला की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, निर्वात तयार होतो आणि पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर त्याच्याच जोरावर चालतो. जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनात थ्रॉटलची झडपच नसते, म्हणून निर्वातासाठी स्वतंत्र पंप लागतो. तो पंप भंगारवाल्याने आधीच काढून विकला होता आणि मिस्त्रीने बूस्टरची नळी पूर्वीसारखीच मॅनिफोल्डला जोडून दिली होती. गावात वीसच्या वेगाने फिरताना ही चूक लपते, घाटात लपत नाही. एखाद्या जाणकाराने इंजिन चालू ठेवून एकदा पेडल दाबून पाहिले असते, तरी दोन मिनिटांत ती सापडली असती. पण दाखवायचे कोणाला? गाडी आरटीओत नेणे म्हणजे आपणहून दंड ओढवून घेणे.

लपवाछपवीचा दुसरा परिणाम पीयूसी केंद्रावर दिसतो. आरसीवर पेट्रोल लिहिलेले असल्यामुळे अशा गाडीची पेट्रोलचीच चाचणी होते, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड मुळातच कमी असतो, त्यामुळे मागे काळे लोट सोडणारी गाडीही उत्तीर्ण होऊ शकते. डिझेलसाठी जी धुराची घनता मोजायची, ती कोणी मोजतच नाही. इंजिन क्रमांक जुळत नसल्याने विम्याचा दावा अडतो तो वेगळाच.

ऑस्ट्रेलियात याच कामासाठी व्हीएसबी १४ नावाची राष्ट्रीय संहिता आहे. गाडीच्या वजनानुसार इंजिनाच्या आकाराला मर्यादा, नवे इंजिन मूळ गाडीपेक्षा सैल प्रदूषण-निकषाचे नसावे ही अट, आणि अधिकृत अभियंत्याचे प्रमाणपत्र, असा तिचा गाभा आहे. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयसारखी वाहनांची चाचणी व संशोधन करणारी संस्था १९६६ पासून आहे. जिप्सीत बसू शकणारी इंजिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. त्यांच्यासाठी माउंटिंग, ब्रेकचा निर्वात, डिफरन्शियलचा रेशो (इंजिनाच्या फेऱ्या चाकांपर्यंत कमी करणारे प्रमाण) आणि पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येणारे वजन यांचे नियम त्या संस्थेने ठरवून द्यावेत, इंजिन कोणत्या गाडीतून आले याचा कागद सक्तीचा करावा, आणि त्या आधारे केंद्र सरकारने कलम ५२ मध्ये मंजुरीची जुनी तरतूद पुन्हा आणावी, एवढीच माझी मागणी आहे. रोज शहरात फिरणाऱ्या गाड्यांना ही मुभा देऊ नये. तेथे डिझेलचा धूर वाढवण्याचे काही कारण नाही. आरटीओत माणसे अपुरी आहेत, हा आक्षेप मला मान्य आहे, पण तपासणीचे शुल्क दहा हजार रुपये ठेवले तरी डोंगरातला गाडीमालक ते भरेल, कारण आज तो त्याहून अधिक रक्कम नुसत्या भीतीपोटी एजंटाच्या हाती ठेवतो.

आमच्यापुरते सांगायचे तर भाच्याने मूळ पेट्रोल इंजिन ताडपत्रीखाली जपून ठेवले होते, आणि आरसीवरचा क्रमांक त्याचाच आहे. त्याची हेड गॅस्केट बदलून झाली असून येत्या आठवड्यात ते पुन्हा गाडीत चढेल. डिझेल इंजिनाचे काय करायचे, हे अजून ठरलेले नाही.

आपला नम्र,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)