५५ टक्के म्हणजे सेकंड क्लास?

सांगली, १३ जून

प्रिय ओंकार,

काल ए-लेव्हलच्या, म्हणजे तिकडच्या बारावीच्या, गणिताच्या दुसऱ्या पेपरानंतर रात्री इंग्लंडहून तुझे मेसेज आले तेव्हा इथे दोन वाजून गेले होते. पहिला, ‘आई, पेपर वाईट गेला.’ दुसरा, ‘सगळ्यांनाच वाईट गेला.’ मग बराच वेळ काही नाही, आणि मग तिसरा, ‘बाउंडरी किती खाली येईल?’ फोन केला असता, पण फोनवर तू ‘हं’ आणि ‘ओके’च्या पुढे जात नाहीस. म्हणून आजी पूजेला बसलीये तोवर स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. मोठं होईल. चहा घे आणि वाच.

आजीपासून लपवलं नाही. तीस वर्षं हायस्कूलात गणित शिकवलेल्या बाईपासून गणिताचा पेपर काय लपवणार? पण बाउंडरी, म्हणजे किती मार्कांना कुठली ग्रेड ही रेघ, तिला समजावताना मीच अडखळले. आपल्याकडे पास व्हायला ३५, फर्स्ट क्लासला ६०, डिस्टिंक्शनला ७५. पेपर सोपा येवो नाहीतर अवघड, रेघ जागची हलत नाही. इंग्लंडात रेघ पेपर तपासून झाल्यावर आखतात, हे तिला काही केल्या पटेना. शेवटी २०१९ चं उदाहरण दिलं. नव्या अभ्यासक्रमाची पहिली मोठी बॅच, सरावाला जुने पेपर जवळजवळ नाहीत, आणि एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल मॅथ्सला ३०० पैकी १६५ ला ए. आजीने मनातल्या मनात भागाकार केला. म्हणाली, ‘५५ टक्के. म्हणजे सेकंड क्लास?’

हसू नकोस. मी मात्र खूप हसले, आणि मग मला १९९५ आठवलं.

माझा बारावीचा गणिताचा पेपर. सेंटरबाहेरच्या सायकल स्टँडपाशी आम्ही मुली उन्हात उभ्या राहून उत्तरं जुळवत होतो. दोघींचं उत्तर सारखं आलं की तिसरीचा चेहरा उतरायचा. बहुतेक वेळा तिसरी मीच. घरी आले तर आजी लाल पेन घेऊनच बसलेली. तिने सगळा पेपर माझ्याकडून पुन्हा लिहून घेतला (आधी जेवायला दिलं होतं असं तिचं म्हणणं आहे, नव्हतं दिलं) आणि स्टेप्सचे मार्क धरून तपासला. ८७. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीएमवर इंजिनिअरिंग ठरायचं. त्यामुळे ते ८७ आमच्या घरात अडीच महिने पाहुण्यासारखे मुक्काम ठोकून होते. आजोबा रोज त्यात फिजिक्स-केमिस्ट्रीचा नवा अंदाज मिळवून कॅलेंडरच्या मागे बेरीज मांडायचे. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला लागतंय, नाही लागत, लागतंय.

निकालात ७४ आले.

आजी बोर्डावर चिडली होती, पण तिचं तपासणं चुकलं नव्हतं आणि बोर्डाचंही नव्हतं. घरी लिहिलेला पेपर हा मी सेंटरवर लिहिलेला पेपरच नव्हता. घरी डोक्यावर पंखा होता, घड्याळ नव्हतं, आणि जिथे अडले होते ते मला रस्त्यात सायकलवर सुचलं होतं. मी कुणालाच फसवत नव्हते. आपण काय लिहिलं असायला हवं होतं तेच आपल्याला आठवतं, इतकंच. म्हणून या पेपरात १०० पैकी ‘मला ६१ पडतील’ या तुझ्या अंदाजावर माझा फारसा विश्वास नाही. कमी पडतील असं म्हणत नाहीये. तुमच्याकडेही पद्धतीचे मार्क असतात; उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर हाती बरंच लागतं. कुणीतरी घाईघाईत सोडवून फिरवलेल्या उत्तरांशी ताडून बघणाऱ्याला ते दिसत नाही.

आता बाउंडरीचं. ती आज कुठल्याच टेबलाच्या खणात लिहून ठेवलेली नाही. तपासणी होईल, मग अनुभवी परीक्षक रेघेच्या आसपासचे पेपर पुन्हा बघतील, तुमच्या बॅचचे जीसीएसईचे, म्हणजे तिकडच्या दहावीचे, निकाल कसे होते त्यावरून काढलेले आकडे शेजारी ठेवतील, वर परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वाल या सरकारी संस्थेची नजर असेल. पेपर खरंच सगळ्यांना जड गेला असेल तर रेघ खाली येईल. पण ‘सगळ्यांना’ हे तू कुणाला विचारून ठरवलंस? तुझ्या ग्रुपमधल्या चौदा जणांना. पेपर झाल्या झाल्या जे बोलतात ते एक तर रडवेले असतात, नाहीतर फुशारकी मारणारे. ज्याचा बरा गेला तो घरी जाऊन झोपतो. अशा, हाताशी सापडतील त्यांनाच विचारून घेतलेल्या नमुन्याला तुझ्या पुस्तकात ऑपॉर्च्युनिटी सँपल म्हणतात. मागच्या रविवारी तूच मला त्याचे तोटे वाचून दाखवत होतास.

आणि एक गोष्ट तुम्ही सगळे विसरताय. दुसऱ्या पेपरला वेगळी ग्रेडच नाही. तिन्ही मिळून ३०० ची बेरीज होते आणि रेघ त्या बेरजेवर पडते. त्यातले १०० मार्क अजून कोरे आहेत, पुढच्या आठवड्यात लिहायचेत. आजोबांच्या हातात त्या कॅलेंडरवर मिळवायला काही उरलं नव्हतं. तुझ्या हातात आहे.

खरं सांगते, मीही काल रात्री तेच केलं. तुझा मेसेज वाचून झोप उडाली आणि मी आधीच्या वर्षांच्या बाउंडरी शोधत तीन वाजेपर्यंत बसले. युनिव्हर्सिटीला ए हवाय, पहिल्या पेपरात तुझ्या मते ७०, दुसऱ्यात ६१, म्हणजे तिसऱ्यात किती… मग लक्षात आलं की आपण कॅलेंडर उलटं करून बसलोय. ‘काळजी करू नकोस’ असं मी तुला म्हणणार नाही, मलाच जमत नाही. पण १९९५ च्या मे महिन्यात माईमावशीचं लग्न झालं. मी सगळ्या फोटोंत आहे, आणि मला त्या लग्नातलं एक जेवणसुद्धा आठवत नाही. वालचंद हुकलं, विलिंग्डनला बी.एस्सी. झालं, त्याचं आता काही वाटत नाही. लग्नाचं वाटतं.

तेव्हा आज तिसऱ्या पेपराचं मेकॅनिक्स उघडू नकोस, उद्या उघड. ए नाही आला तर इन्शुरन्स चॉइस, म्हणजे दुसऱ्या पसंतीची युनिव्हर्सिटी आहे, उरलेल्या जागा भरायचं क्लिअरिंग आहे. ऑगस्टातल्या त्या निकालाच्या गुरुवारी सकाळी मी रजा टाकलीये. खिडकीतल्या कढीपत्त्याला पाणी घाल. बाबा विसरतात.

हे लिहिता लिहिता आजी पूजा आटपून आली. तिला २०१५ ची गंमत सांगितली. जीसीएसईला हॅनाच्या गोळ्यांचा प्रश्न आला होता आणि पोरांनी ग्रेड बाउंडरी खाली आणा म्हणून सह्या गोळा केल्या होत्या. पिशवीत n गोळ्या, सहा नारिंगी, हॅनाने एकापाठोपाठ दोन खाल्ल्या, दोन्ही नारिंगी असण्याची शक्यता एक तृतीयांश, तर n² − n − ९० = ० हे दाखवा. आजीने दुधाच्या हिशेबाच्या वहीत सहा भागिले n, गुणिले पाच भागिले n वजा एक असं मांडलं, दोन ओळींत संपवलं, वर n म्हणजे दहा हेही काढलं, आणि विचारलं, ‘यात सह्या कसल्या?’

तुझ्या पेपरातला जो प्रश्न सर्वांत जास्त डोक्यात बसलाय तो आठवेल तेवढा लिहून पाठव. तिने लाल पेन शोधायला घेतलंय. मार्क द्यायचे नाहीत, असं मी तिला बजावलंय.

तुझी,
आई