मानपत्रातून राहून गेलेली साखळी

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, कॉलेजातल्या सत्काराला आले खरी, पण बोलायचं राहूनच गेलं. तुमच्या खांद्यावर शाल घातली आणि माझा घसाच दाटून आला.

मानपत्र छान होतं. कबड्डीतला तुमचा डावा कोपरा, घोट्याची पकड, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या संघातली निवड, सगळं आलं त्यात. १९९० साली बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली, भारतानं सुवर्ण जिंकलं, तेव्हा तुमचं खेळायचं वय मागं पडलं होतं. आई सांगते, रेडिओवर बातमी ऐकून तुम्ही न जेवताच मैदानावर गेलात, अंधार पडेपर्यंत खडे वेचत बसलात. दुसऱ्या दिवसापासून पोरांना शिकवायला लागलात, ते आजतागायत. एका पैची फी न घेता.

पण २०१९ च्या पुराबद्दल एक ओळही नव्हती, हे मला फार लागलं. ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, रस्ता बंद झाला. मी घरीच होते. खालच्या गल्लीत कमरेएवढं पाणी. तुम्ही पोरांना ओळीनं उभं केलंत, मनगटात मनगट धरून. बोटं धरायची नाहीत, बोटं निसटतात, हे तुम्ही मैदानावरही सांगायचात. आपल्या पोरांना ओरडून ‘हात सोडायचा न्हाई’, पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड पोरांना ‘कै बिडब्याड’. त्या साखळीच्या आडोशानं एकेक म्हातारं माणूस शाळेपर्यंत आलं. मागच्या घरातल्या आजी पदरातली कोंबडी सोडेनात, तर तुम्ही कोंबडीसकट त्यांना पाठीवर घेतलंत. गुडघा गेला तो त्याच दिवशी. लोकांना वाटतं, खेळून गेला.

आणि आई, तू. शाळेच्या व्हरांड्यात तीन दिवस चुलीवरचा भाताचा हंडा तू उतरू दिला नाहीस. एरवीही पोरांसाठी हरभरे रात्री भिजत घालायचे, पहाटे गुळाच्या खड्यासोबत बांधून द्यायचे, हे इतकी वर्षं कोण करतंय? सत्काराला तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस. तुला वर बोलवायला हवं होतं. मी उठून तसं म्हणायला हवं होतं, बाबा, ते माझ्याकडून झालं नाही.

म्हणून त्या तीन दिवसांचं सगळं लिहून काढायला घेतलंय. साखळीत सगळ्यात पुढं, पाण्याच्या ओढीला कोण होतं? माझ्या आठवणीत धाकट्या काकांचा मुलगा आहे, पण आई म्हणते दुसराच कुणीतरी. दोघं बसून नावं आठवा. एकही राहायला नको, कन्नड गल्लीतली पोरं तर नाहीच नाही.

दिवाळीला आले की गुडघ्याचा एक्सरे काढायला बेळगावला जाऊ. तोवर मैदानावर जाताना खुर्ची न्या. आई, नेतात की नाही ते मला फोनवर सांग.

तुमची,
बाळी