लेकीच्या माहेरासाठी

जळगाव

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीहून परत निघताना रिक्षात बसता बसता तू विचारलंस, "आई, तू इतकी वर्षं या घरात का राहिलीस?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी." त्यावर तू म्हणालीस, "मग त्याचं ओझं माझ्यावर का?" रिक्षा वळून गेली तरी मी फाटकापाशीच उभी होते. राग आला होता तुझा. फोनवर मी महिनाभर तुटक बोलत होते, ते त्यामुळेच.

मग एका रात्री झोप येईना म्हणून बहिणाबाई काढल्या. जन्म 1880 चा, आसोद्याचा. आसोदं इथून किती लांब? लहानपणी तुला भरिताची वांगी आणायला न्यायचे, तेच. त्यांची माहेरावरची एक कविता मी वर्गात कितीदा म्हटली असेन. योगी झाडाखाली बसलाय, शेतातली सासुरवाशीण माहेराचं गाणं गातेय. तो तिला म्हणतो, सारखं माहेर माहेर करतेस, मग सासरी आलीस कशासाठी? मनू, तुझाच प्रश्न तो! आणि ती म्हणते, मातीला डोहाळे लागलेत, पोटी लेक येईल. मग ती ओळ:

लेकीच्या माहेरासाठी
माय सासरी नांदते

तीस वर्षं मी ही ओळ गोड आवाजात म्हणत आले. तिचं वजन या खेपेला कळलं. लेक अजून जन्मलेलीसुद्धा नाही आणि तिच्यासाठी हिनं नांदायचं ठरवून टाकलंय. आपण उठून गेलो तर पोरीनं सणावाराला यायचं कुठे, हा तिचा हिशोब. ज्या बाईला तेराव्या वर्षी सासरी धाडलं, तिशीत वैधव्य आलं, तिनं तो मांडलाय. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरून घेतलं म्हणून त्या गेल्यावर, 1952 साली, ते पुस्तक झालं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. 1994 साली तू तीन वर्षांची असताना मी तुला घेऊन आजीकडे गेले होते आणि चार महिने तिथेच होते. परत जायचं नाही असं मनाशी ठरलंही होतं. आजी काही बोलली नाही. जाऊ नको म्हणाली नाही, जा असंही नाही. एक दिवस तिनं कुरडयांचा डबा भरला, तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "पोरीला दिवाळीला यायला घर पाह्यजे ना, माय." दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले. आजीला बहिणाबाई वाचता येत नव्हत्या, पण त्यांची ओळ तिला ठाऊक होती.

शाळेत शिकवलेल्या आया आता आठवतात तेव्हा वाईट वाटतं. 'श्यामची आई', यशवंतांची 'आई', माधव जूलियनांची 'प्रेमस्वरूप आई'. जीव ओतून शिकवल्या, वर्गात डोळे पुसले जायचे, माझेही. पण या सगळ्या लेकांनी आठवलेल्या आया. समोर चाळीस मुली बसलेल्या असायच्या, त्यांच्या आईचं काय, हे मी एकदाही विचारलं नाही. लेकीची आई जात्यावर होती. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत मायलेकी ठायी ठायी भेटतात. पहाटे घर झोपलेलं असताना जे बोलता येतं, ते तिथे बोललं गेलं.

उर्मिला पवारांचं आत्मकथन 'आयदान' (2003) तू कॉलेजात असताना मला वाचायला लावलंस, आठवतं? कोकणातली ती माय दिवसभर बांबूच्या टोपल्या विणते. लेकीनं त्या घरोघरी पोचवायच्या, आणि घेणाऱ्यांनी विटाळ नको म्हणून पाणी शिंपडून आत घ्यायच्या. लेक तिला देवी करत नाही. आई ओरडते, राबवते, तेही लिहिते. आणि आईचं विणणं आणि आपलं लिहिणं एकाच विणीचं आहे, असं म्हणते. तेव्हा मी तुला "छान आहे" एवढंच म्हटलं होतं. खरं तर मी घाबरले होते. लेक मोठी होऊन आईकडे इतकं सरळ बघू शकते, हे मला नवं होतं.

इरावती कर्व्यांच्या 'परिपूर्ती' या लेखात त्यांना भरून पावल्यासारखं वाटतं, ते रस्त्यावरची शाळकरी पोरं "कर्व्याची आई" म्हणतात तेव्हा. हा लेख मला फार आवडायचा. आता वाटतं, त्यांच्या दोन्ही मुली, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, लेखिका झाल्या. आणि 2024 मध्ये गौरीबाईंच्या लेकीनं, उर्मिलानं, सहलेखकासोबत आजीचं चरित्र लिहिलं. मुलींनी आईला, आजीला पुन्हा पुन्हा वाचावं लागतं बहुतेक. तू रिक्षात तेच करत होतीस. मी मात्र पुस्तक मिटून घेतलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्यासाठी राहिले हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं असं, की मी भ्याले होते. हातात कायमची नोकरी होती आणि ती इथे होती. लोक काय म्हणतील, याचा धाक होता. आणि पहिल्या तासाला खडू हातात घेतला की सगळं विसरायला व्हायचं, ते मला सोडवत नव्हतं. हे निम्मं माझं आहे, मनू. ते तुझ्या नावावर टाकलं, ती माझी चूक.

मामाशी बोलले आहे. आजीच्या घराच्या मागच्या दोन खोल्या माझ्या पेन्शनमधून नीट करून घेतेय, कौलं झाली, मोरीचं काम चालू आहे. जातं अजून पडवीत आहे, खुंटा तेवढा नवा बसवावा लागेल. डिसेंबरात ये, वांगी चांगली असतात तेव्हा. येताना तुझं 'आयदान' आण, पेन्सिलीच्या खुणा केलेलं. तू कुठे खुणा केल्यास ते मी कधी पाहिलंच नाही.

तुझी,
आई