काका, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

आदरणीय काकांना सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानले असते, तर तुम्ही ‘अरे, त्यात काय एवढं’ म्हणून विषयच बदलला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. ओहायोतल्या आपल्या मंडळींना ओळख पटेलच.

घरी भरलेलं 9 मिलिमीटरचं काडतूस माझ्या पिस्तुलात पूर्ण शिरत नव्हतं. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, पुढे यायची आणि अगदी शेवटी थोडी उघडी राहायची. मागे ओढायला जावं, तर हलायची नाही. जिवंत काडतूस अर्धवट फसलेलं पिस्तूल हातात धरून रेंजवर उभं राहिलं की अंगाला कसा घाम फुटतो, ते ज्याच्यावर बेतलंय त्यालाच कळेल. बरं, काडतुसाची लांबी 1.169 इंचांच्या कमाल मर्यादेच्या आतच होती. काडतुसाचं माप तपासायच्या गेजमध्येही ते व्यवस्थित बसत होतं.

आधी ज्यांच्याकडे गेलो, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या दुकानातून सगळं सामान घेतलं, तिथल्या माणसाने मान वर न करता ‘बॅरल बदला’ म्हटलं आणि लगेच किंमत सांगितली. रेंजवरच्या एकाने स्लाइडला मागून तळहाताने जोरात हाणायचा सल्ला दिला. त्याचा मला अजून संताप येतो. अडलेलं काडतूस असं ठोकून बसवायला गेलं, तर पुढची गोळी मागच्या पितळी पुंगळीत आणखी मागे दबू शकते, आणि 9 मिलिमीटरच्या एवढ्याशा पुंगळीत ती जराशी खोल गेली तरी दाब झपाट्याने चढतो. शिकलेल्या, अनुभवी म्हणवणाऱ्या माणसाने असं काहीतरी सांगून निघून जावं? तिसऱ्याने ‘माझ्या ग्लॉकमध्ये तर अशीच चालतात’ म्हणून हात झटकले. ग्लॉक पिस्तुलाचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, ऐसपैस असतं. माझं पिस्तूल सीझेड 75, आणि त्या चेक बॅरलमध्ये चेंबर संपलं की आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, लगेच सुरू होतात. गेज बहुधा पुंगळीचं माप तपासतं, पुढच्या आट्यांशी त्याचा संबंध नसतो. एवढी दोन वाक्यं कुणी सांगितली असती, तरी माझं काम झालं असतं.

तुमच्याकडे हा विषय निघाला तो गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेत. मी कोल्हापूरचा. राही सरनोबतने 2018 मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा आमच्याकडे केवढा आनंद झाला होता! इथे मात्र पिस्तुलाचा छंद सांगितला की आपलीच माणसं जरा सरकून बसतात. तुम्ही फक्त विचारलंत, ‘बॅरल कुठलं?’ आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलात.

आधी तुम्ही दारू नाही, ती पेटवणारा प्रायमर नाही असं नमुन्याचं काडतूस करायला लावलंत. बॅरल पिस्तुलातून सुटं केलं, खिशातल्या रुमालाने चेंबर पुसलंत. तुमची उभी हयात टूलरूममध्ये गेलेली, तेव्हा आता तुम्हीच बघणार आणि मला निकाल सांगणार, असं मी धरून चाललो होतो. पण तुम्ही बॅरल तोंड खाली करून माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, ‘तूच सोड. आणि आवाज ऐक.’

आवाज आलाच नाही. काडतूस मध्येच अडलं, बोटाने फिरवलं तर फिरेना, बॅरल उलटं केलं तरी पडेना. मग काळ्या मार्करने गोळी आणि पुंगळीचा काठ रंगवून पुन्हा तेच करायला लावलंत. मी काडतूस बाहेर ओढलं, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. टेबलावरचा दिवा उचलून माझ्या बाजूला वळवलात आणि वाट बघत बसलात. पुंगळीच्या काठावरचा रंग जसाच्या तसा होता. गोळीच्या फुगीर भागावर मात्र सारख्या अंतराने बारीक, चकचकीत रेघा उमटल्या होत्या. आटे! मी मोठ्याने ओरडलो, आणि तुम्ही हसलात.

काका, तुम्ही दिवा माझ्याकडे वळवलात, ते मी विसरू शकत नाही. उत्तर तुम्हाला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. सांगून टाकलं असतंत, तर तुमची संध्याकाळही वाचली असती. तेवढा वेळ तुम्ही माझ्यावर खर्च केलात, मला दिसेपर्यंत गप्प राहिलात. या परक्या मुलुखात हुशार माणसं खूप भेटली. समोरच्याला कमी न लेखता शिकवणारी फार थोडी, आणि त्यांच्याच जोरावर माणूस इथे तग धरतो, असं मला अगदी मनापासून वाटतं.

गोळी थोडी थोडी आत घेत गेलो. शेवटी बॅरलमधून तो स्वच्छ ‘टण्’ आला. काडतूस बॅरलच्या मागच्या काठाशी सपाट बसलं, बोटाने गरगर फिरलं, उलटं करताच तळहातावर पडलं. मी लगेच भरायला बसणार, तेवढ्यात तुम्ही थांबवलंत: ‘गोळी खोल गेली, आता दारूचं माप पुन्हा खालपासून सुरू करायचं.’ त्या संध्याकाळी तुमचा आवाज चढला तो तेवढाच. तोही काळजीनेच.

आता चपट्या टोकाच्या गोळ्यांचा डबा आलाय. आकार बदलला म्हणजे लांबीही नव्याने ठरवायला हवी, त्यामुळे बॅरल बाहेर काढून ठेवलंय. शनिवारी काकूंना घेऊन जेवायलाच या. तांबडा-पांढरा करतोय, काकूंसाठी तिखट कमी ठेवू.

तुमचा,
मंडळातला कोल्हापूरकर