‘80 टक्के’ म्हणजे नेमकं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्किझोफ्रेनिया या मनोविकारावरचा लेख वाचला, म्हणजे खरं तर मला तो भाचीने वाचायला लावला, मोबाईलवर पानाचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘आत्या, मग माझे 80 टक्के का?’ तिचे बाबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, गेली 15 वर्षं या आजाराशी झगडतोय. आणि तुम्ही जाड टायपात छापलंत ‘स्किझोफ्रेनिया 80 टक्के आनुवंशिक’, पण त्याचा अर्थ काय ते लेखात कुठेच नाही.

आता आकडा खोटा नाहीये. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या 2018 च्या अभ्यासात 79 टक्के आलाच होता. पण माणसामाणसांत या आजाराच्या बाबतीत जो फरक दिसतो त्यात जनुकांचा वाटा किती, त्याचा तो आकडा आहे, एका मुलीला आजार होण्याची शक्यता नव्हे. त्याच अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण 33 टक्केच निघालं, जनुकं तीच असून! आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये साधारण 10 टक्के धरतात, म्हणजे शंभरातल्या नव्वदांना होत नाही. एवढं एक वाक्य छापलं असतं तर पोरगी रात्रभर जागी राहिली नसती.

दुसरं म्हणजे लेखातलं ‘जनुक सापडलं’ हे वाक्य. अहो एक जनुक नाहीच. 2022 च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या 287 जागा निघाल्या, बहुतेकींचा परिणाम चिमूटभर. मग घराण्यातून येतं तरी काय? इथेच खरी गंमत आहे आणि तीच लेखात नाही. गॉट्समन नावाच्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात मनोविकारांच्या अभ्यासात एक शब्द आणला, एंडोफिनोटाइप, म्हणजे जनुक आणि आजार यांच्या मधल्या पायरीवरची अशी गोष्ट जी वरवर दिसत नाही पण मोजता येते, लक्ष, स्मरणशक्ती, डोळ्यांची हालचाल वगैरे.

मी स्वतः अशा एका अभ्यासात ‘आजार नसलेली बहीण’ म्हणून बसले होते. हनुवटी टेकवायची, समोर स्क्रीन, ठिपका उजवीकडे आला की डावीकडे बघायचं आणि डावीकडे आला की उजवीकडे, बास. सोपं वाटतं ना? मला नियम पाठ होता, चुकतंय हेही कळत होतं, तरी डोळे आधी ठिपक्याकडेच पळायचे आणि ब्रेक नंतर लागायचा. असं सगळ्यांचंच थोडंफार होतं, पण पेशंट्सचं जास्त, आणि आजार नसलेल्या बहीणभावंडांचं सरासरीने मधेच कुठेतरी, निदान बऱ्याच अभ्यासांत. आम्हा नातेवाईकांना बसवतात ते याचसाठी, आम्ही औषधं घेत नाही त्यामुळे खापर गोळ्यांवर फोडता येत नाही.

अजून एक टेस्ट असते, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन टिक् ऐकवतात आणि डोक्याला लावलेल्या तारांवरून मेंदूचा प्रतिसाद मोजतात. एरवी मेंदू दुसऱ्या आवाजाकडे बराच कानाडोळा करतो, अनेक पेशंट्सचा करत नाही, त्याला दोन्ही सारखेच. आणि निकोटिनने हा प्रतिसाद काही मिनिटांपुरता सुधारतो असं दिसलंय. हे वाचलं तेव्हा मला भावाच्या एकामागून एक सिगरेटी आठवल्या, त्यावरून त्याला किती बोललेय मी. (सिगरेट चांगली असं म्हणत नाहीये, उगाच तेही छापाल.)

या टेस्टवरून निदान होत नाही, कुणाला आजार होणार हेही सांगता येत नाही. माझे डोळे ठिपक्याकडे पळतात, तरी मी नोकरी करते, घर चालवते, भावाच्या गोळ्यांचा हिशोब ठेवते. वारसा कदाचित माझ्याकडेही आलाय, आजार आलेला नाही.

तेव्हा खुलासा छापा, त्याच जाड टायपात, आणि पानही तेच ठेवा, भाची पुरवणी मागच्या पानापासून वाचते.

आपली,
एक शुभंकर (म्हणजे मनोरुग्णाची काळजी घेणारी घरची व्यक्ती)