जुन्या प्रवासरोजनिशीला कात्री लावू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात सोलापुरातील वाचनालये आणि जुन्या घरांतली कपाटे आवरायला निघतात. फाटकी इंग्रजी पुस्तके मग एक तर रद्दीत जातात, नाही तर बाइंडरकडे. दुर्मीळ पुस्तकाचे बाइंडरकडे होणारे नुकसानही कायमचे असते, म्हणून हे पत्र.

चार्ल्स डार्विन यांची ‘बीगल’ जहाजावरील प्रवासाची रोजनिशी घ्या. हा प्रवास २७ डिसेंबर १८३१ ते २ ऑक्टोबर १८३६ असा चालला. पुस्तक १८३९ मध्ये लंडनच्या हेन्री कोलबर्न यांनी काढले. १८४५ ची सुधारित आवृत्ती जॉन मरे यांच्या ‘कलोनियल अँड होम लायब्ररी’ या स्वस्त मालेत आली. ती माला वसाहतींतल्या वाचकांसाठीही होती, त्यामुळे तिच्या प्रती आपल्याकडे निघणे अशक्य नाही.

दोन्ही आवृत्त्या शीर्षकपानावरून ओळखता येतात. १८३९ च्या पानावर ‘जिऑलॉजी’ आधी आणि ‘नॅचरल हिस्टरी’ नंतर आहे. १८४५ मध्ये हा क्रम उलटला. गालापागोसच्या फिंच पक्ष्यांच्या चोचींचे प्रसिद्ध चित्रही १८४५ पासूनचे. १८६० च्या छपाईत ताजा कलम जोडला गेला. आर. टी. प्रिचेट यांची चित्रे असलेली मरे यांची सचित्र आवृत्ती १८९० ची. संग्राहक १८३९ च्या प्रतीमागे धावतात; वाचायला मात्र १८४५ चा मजकूर अधिक समृद्ध आहे. माळढोकासाठी नान्नजच्या माळावर जाणाऱ्यांनी त्यातली ऱ्हिया या दक्षिण अमेरिकेतल्या न उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याची हकिगत जरूर वाचावी. शिजवून खाल्लेला पक्षी वेगळ्या, लहान जातीचा होता हे खाल्ल्यावर डार्विन यांच्या ध्यानात आले, आणि उरलेले डोके, मान, पाय, पंख त्यांनी जपून ठेवले.

जुने शीर्षकपान जसेच्या तसे छापलेल्या नकलाही बाजारात आहेत. पान तिरप्या उजेडात धरा. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षरांचा दाब मागच्या बाजूला बोटाला जाणवतो. आजच्या ऑफसेट छपाईचे पान सपाट लागते. पाने पुरी आहेत का, हे फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या, खुणेवरून तपासावे. फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी इंग्रजी अक्षर असते. १६ पृष्ठांचा फर्मा असेल तर बी पृष्ठ १ वर, सी १७ वर, डी ३३ वर. जे, व्ही, डब्ल्यू ही अक्षरे या क्रमात वापरत नसत, तेव्हा ती नाहीत म्हणून फर्मा गहाळ समजू नये.

आता बाइंडिंग. आपल्याकडे पुस्तक बाइंडरकडे गेले की तिन्ही बाजूंनी कटिंग होते, मूळ कापडी पुठ्ठा फेकला जातो आणि शेवटची प्रकाशकाची जाहिरातपाने ‘फालतू’ म्हणून निघतात. ती पाने फार मोलाची. त्यांवर तारीख असली तर ती प्रत केव्हा बांधली गेली याचा अंदाज येतो. घडीचा नकाशा कटिंगमध्ये कडेने कापला गेला की संपलाच. खळीत मोरचूद घालतात. त्याने कसर लागत नाही हे खरे, पण तांबे कागद खाते. फेव्हिकॉल पुन्हा सुटत नाही, आणि सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो.

नकाशा घडीवर फाटला असेल तर जपानी टिश्यू कागदाची अर्ध्या सेंटीमीटरची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ पुरे. सत्त्व एक भाग, पाणी पाच भाग. मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळून शिजवावे, गार करून गाळावे, लावताना पातळ करावे. कुरडयांचा चीक करणाऱ्या घरात हे शिकवावे लागणार नाही. मीठ मात्र घालायचे नाही, आणि खळ दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करावी.

पुस्तक बांधण्यापेक्षा बासनात, म्हणजे कापडात गुंडाळून, ठेवा. बिनरंगी मांजरपाट दोनदा धुऊन घ्यावे, कारण कोऱ्या कापडातली खळ कसरीला आवडते. लाल कापड ओल लागताच रंग सोडते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर असावे. आपल्या उन्हाळ्यात चामडे कोरडे पडून तडकते आणि लगेच पावसाळी दमट हवेत बुरशी धरते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला वाव मिळत नाही. बुरशी दिसलीच तर उन्हात टाकू नये. सावलीत पंख्याखाली वाळवून, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशने घराबाहेर झटकावी. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही. कसर लागली असेल तर कोरडे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नये, नाही तर गार कागदावर दव धरते.

वाचनालयांच्या व्यवस्थापनाला विनंती आहे की १९०० पूर्वीचे कोणतेही प्रवासवर्णन बाइंडिंगच्या यादीत घालण्याआधी त्याचे शीर्षकपान, नकाशे आणि शेवटची जाहिरातपाने यांची छायाचित्रे काढून नोंदवहीत लावावीत.

आपला,
जुन्या ग्रंथांचा एक अभ्यासक, सोलापूर