दुर्बिणीचा आग्रह आणि हातातून गेलेले चार तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली एकोणीस वर्षं मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे सातव्या महिन्यात जन्मलेलं, ९८० ग्रॅम वजनाचं एक बाळ होतं. बारा दिवस नळीतून दिलेलं दूध त्याला पचत होतं. तेराव्या दिवशी पहाटे दूध देण्याआधी नळीतून ओढून पाहिलं, तर सिरिंजमध्ये हिरवं पाणी आलं. उजाडेपर्यंत पोट तट्ट फुगलं, कातडी चकाकायला लागली आणि लंगोटाला रक्त दिसलं. एक्स-रेमध्ये आतड्याबाहेर हवा होती, म्हणजे आतडं फुटलं होतं.

सर्जन म्हणाले, पोट उघडावं लागेल. आजोबांनी मोबाइल पुढे केला. बाळाच्या आतड्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाल्याची बातमी होती. "सिस्टर, आमच्या लेकराला फाडू नका. हे असं करा ना." संमतिपत्रावर सही व्हायला चार तास गेले.

बाळ वाचलं. आजोबांना मी दोष देत नाही, छापून आलं तेच त्यांनी मागितलं. पण त्या बातमीतलं बाळ पूर्ण दिवसांचं होतं, अडीच किलोच्या वर होतं आणि त्याच्या आतड्यात जन्मतः अडथळा होता. हे सगळं शेवटच्या परिच्छेदात होतं.

आमच्या बाळाला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस झाला होता. वॉर्डात आम्ही त्याला 'नेक' म्हणतो. कमी दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं. त्याला सूज येते, रक्तपुरवठा कमी पडतो आणि भिंत मरायला लागते. दूध थांबवलं, शिरेतून पोषण आणि अँटिबायोटिक दिली, की पुष्कळ बाळं ऑपरेशनशिवाय बरी होतात. आतडं फुटलं की मात्र वेळ नसतो.

अशा वेळी दुर्बीण घालायची तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो. तो दाब छातीवर येतो, आणि ही बाळं आधीच व्हेंटिलेटरवर असतात. त्यात ती पटकन गार पडतात. सुजलेलं आतडं ओल्या कागदासारखं असतं, धरलं तरी फाटतं. तीन मिलिमीटरची अवजारं वापरून काही मोजक्या ठिकाणी तज्ज्ञांनी हे केलेलं आहे, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. नेकमधून वाचलेल्या बाळाचं आतडं काही आठवड्यांनी एखाद्या जागी आकसतं, तेव्हा बाळाचं वजनही वाढलेलं असतं. त्या वेळी दुर्बिणीचा खरा उपयोग होऊ शकतो.

आणि लहान चीर म्हणाल, तर ती फार आधीपासून आहे. टोरांटोच्या सर्जननी १९७७ मध्येच लिहिलं होतं, की बाळाला ऑपरेशन थिएटरमध्ये न नेता, नुसती जागा बधिर करून पोटात मऊ रबरी नळी ठेवायची आणि घाण वाहून जाऊ द्यायची. यापेक्षा सौम्य काय असणार, असं मलाही वाटायचं. पण अमेरिकेत २० रुग्णालयांनी नेक झालेल्या किंवा नेक नसताना आतडं फुटलेल्या, एक किलोपर्यंतच्या ३१० बाळांमध्ये नळी आणि पोट उघडणं यांची तुलना केली. ती २०२१ मध्ये छापून आली. सगळी बाळं एकत्र धरली तर फरक दिसला नाही. पण ऑपरेशनआधी नेकचंच निदान झालेल्या बाळांत, नळी ठेवलेल्यांपैकी ८५ टक्के बाळं एकतर दगावली किंवा त्यांच्या मेंदूच्या विकासात दोष राहिला. आधी पोट उघडलेल्यांत हे प्रमाण ६९ टक्के होतं. दोन्ही आकडे काळजात चर्र करणारे आहेत. पण चीर जितकी लहान तितकं बाळाचं भलं, हे त्यातून निघत नाही.

मुळात नेक टाळायचा सर्वांत चांगला उपाय आईचं दूध हाच आहे. आईला दूध येत नसेल, तर दूधपेढीतलं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. इतक्या वर्षांनंतरही आमच्याकडे दूध काढायला बसलेल्या बाळंतिणीला नातेवाईक विचारतात, "पावडर चालत नाही का?" यावरही आपल्या पानावर जागा मिळावी.

दुर्बिणीच्या बातम्या जरूर छापा. फक्त बाळ किती आठवड्यांचं, वजन किती आणि आजार कोणता, हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. रात्री तीन वाजता वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस मोबाइलवर तेवढंच वाचतो.

आपली,
नवजात शिशू विभागातील एक परिचारिका